पस्तीस मिनिटांच्या तासात किती मिनिटं असतात

शाळेचं वेळापत्रक जूनमध्ये तयार होतं. कोणाला कुठला विषय, कोणाला लागोपाठ किती तास, पीटीसाठी एकाच वेळी दोन वर्ग मैदानात उतरणार नाहीत ना, प्रयोगशाळा कोणाला कधी, हे सगळं जुळवून पर्यवेक्षक तो तक्ता करतात आणि तो टीचर्स रूमच्या भिंतीवर लागतो. त्यानंतर वर्षभरात अगदी त्या तक्त्याबरहुकूम गेलेला दिवस शोधावा लागेल. तरीही तक्ता हवाच, कारण विस्कटलेला दिवस कशाच्या आधाराने सावरायचा हे त्याच्याकडे बघूनच ठरतं.

शिक्षकाच्या कामात रोज काहीतरी नवं असतं, असं लोक कौतुकाने म्हणतात. ते खरंही आहे. फक्त या 'नव्या'त दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात. एक अनपेक्षित मुलांकडून येतं: प्रश्न, भांडण, ताप, घरातली आपत्ती, अचानक कळलेलं गणित. दुसरं बाहेरून येतं आणि त्याचा समोरच्या मुलांशी काडीचा संबंध नसतो. पहिल्याला जागा ठेवणं हा शिकवण्याचाच भाग आहे. दुसरं नेमकी तीच जागा खातं. म्हणून 'किती विविधता आहे हो तुमच्या कामात' या वाक्याला नुसती मान डोलावून चालत नाही.

आधी मिनिटांचा हिशेब करू. माध्यमिकचा तास साधारण ३५ मिनिटांचा. आधीच्या तासाच्या बाई निघून पुढचे सर येईपर्यंत आणि वर्ग स्थिरावेपर्यंत तीन मिनिटं. पहिला तास असेल तर कॅटलॉगला, म्हणजे हजेरीपटाला, पाच, कारण ५०-५५ चा पट असला की नुसते हजेरी क्रमांक पुकारण्यात दोन मिनिटं जातात आणि काल न आलेल्यांची चौकशी करायची ती वेगळीच. फळा पुसणं, तारीख-वार लिहिणं, वह्या काढायला लावणं यात दोन. मध्येच शिपाई मामा सूचना वही घेऊन दारात उभे राहतात. ती वाचून, मुलांना सांगून, सही करून परत देईपर्यंत तीन मिनिटं आणि पांगलेलं लक्ष परत गोळा करायला आणखी दोन. झाली पंधरा. उरतात वीस. नवा शिक्षक पहिल्या महिन्यात थकतो तो इथेच. तो टाचण, म्हणजे तासाचा लेखी आराखडा, काढतो ३५ मिनिटांचं, धडा मागे पडत जातो आणि कारण मात्र तो आपल्या शिकवण्यात शोधत बसतो.

गेलेली मिनिटं शाळा सुटल्यावर भरून काढता येतील, असंही मुंबईत होत नाही. कितीतरी इमारतींमध्ये सकाळ आणि दुपार अशी दोन अधिवेशनं भरतात. सकाळची मुलं दप्तरं भरत असतात तेव्हाच दुपारची मुलं जिन्यावर येऊन उभी असतात. वर्ग, बाकं, फळा, कपाटाचा अर्धा खण, सगळं सामायिक. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतरच भरवावेत असा निर्णय घेतला. मुलांच्या झोपेच्या दृष्टीने तो योग्यच. पण दोन अधिवेशनांच्या इमारतीत एक वर्ग दोन तासांनी सरकवला की त्याच्यामागचे सगळेच सरकतात. नऊला आलेली मुलं साडेबाराला वर्ग रिकामा करून देऊ शकत नाहीत. मग कुठे ग्रंथालयाचा वर्ग होतो, कुठे सभागृहात मध्ये कपाटं उभी करून दोन इयत्ता बसतात, आणि पलीकडच्या इयत्तेचे पाढे अलीकडच्या इयत्तेच्या कवितेत ऐकू येतात.

सकाळच्या अधिवेशनात पहिल्या दोन तासांत पोटदुखीची तक्रार ठरलेली. त्यातली बरीच पोटं रिकामी असतात. सव्वासहाला घर सोडताना मूल फक्त चहा पिऊन निघालेलं असतं, कारण आई त्याच्याही आधी कामावर गेलेली असते. अशा मुलाला लगेच घरी पाठवायची घाई करू नये. आधी हळूच विचारावं, 'काय खाल्लंस?' सगळ्या वर्गासमोर हा प्रश्न विचारला तर उत्तर 'पोळीभाजी' असंच येतं. वर्गाच्या कपाटात बिस्किटांचे चार पुडे ठेवले, पाणी दिलं, पंधरा मिनिटं शेवटच्या बाकावर डोकं टेकून बसू दिलं की बहुतेक पोटदुख्या थांबतात. थांबली नाही, ताप असला किंवा पोटाच्या उजव्या बाजूला खाली दुखत असलं, तर वाट बघायची नाही. फोन आणि डॉक्टर.

आता बदली तासाकडे, म्हणजे न आलेल्या शिक्षकाच्या जागी दुसऱ्याने घ्यायच्या तासाकडे येऊ, कारण अनपेक्षिताशी शिक्षकाची रोजची गाठ इथे पडते.

सातच्या आत पर्यवेक्षकांच्या मोबाईलवर निरोप यायला लागतात. कल्याणहून येणाऱ्या बाई कळव्याला गाडीत अडकल्यात, विरारच्या सरांची लोकल वसईलाच उभी आहे, एकाच्या घरी कोणीतरी दवाखान्यात आहे, दोघं प्रशिक्षणाला गेलेत. मस्टरवरच्या रिकाम्या जागा बघून बदलीची यादी करायची ती परिपाठ संपायच्या आत. चांगला पर्यवेक्षक काही गोष्टी कटाक्षाने पाळतो. ज्या वर्गाचा तास रिकामा आहे त्या वर्गाला आधीपासून शिकवणारा शिक्षक मोकळा असेल तर पहिला हक्क त्याचा, कारण मुलांची नावं त्याला माहीत असतात. ज्याला त्या दिवशी एकच ऑफ तास आहे त्याचा तो शक्यतो काढून घ्यायचा नाही. पाच-सहा तास सलग उभं राहून बोलणाऱ्याचा आवाज शेवटच्या तासाला बसलेला असतो आणि त्याचं नुकसान त्याच्या स्वतःच्या वर्गाला होतं. दहावीचा तास शारीरिक शिक्षणाच्या सरांना देण्यापेक्षा दहावीलाच शिकवणाऱ्या दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाला द्यायचा, म्हणजे तो पुढे सरकतो. आणि चिठ्ठी हातात द्यायची, तोंडी सांगायचं नाही. तोंडी सांगितलेला बदली तास हमखास विसरला जातो. मग वर्ग एकटा राहतो आणि दहाव्या मिनिटाला कुणाची तरी कंपासपेटी खिडकीतून खाली जाते.

अनोळखी वर्गात बदलीवर गेल्यावर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं वाक्य म्हणजे 'शांत बसा, आपापला अभ्यास करा'. ते जेमतेम सात-आठ मिनिटं टिकतं. 'आपापला अभ्यास' हे काम नाही. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही, आणि कोणी तपासणार नाही हे मुलांना पहिल्या मिनिटालाच कळतं. बदली तासाला असं काम हवं की जे दोन वाक्यांत सांगता येईल, त्यासाठी पुस्तक लागणार नाही, वहीत काहीतरी उमटेल आणि २५ मिनिटांत ते संपेल. हुशार मुलांचं लवकर झालं तर त्यांच्यासाठी वर एक पायरीही हवी.

मुंबईतल्या वर्गासाठी लोकल ही अशा कामांची खाणच आहे. फळ्यावर एवढंच लिहायचं: सीएसएमटी ते ठाणे अंतर ३४ किलोमीटर, धीमी लोकल, साधारण एक तास धरा, सरासरी वेग काढा. सहावी-सातवीचा वर्ग दोन मिनिटांत ताशी ३४ किलोमीटर असं उत्तर देतो. मग विचारायचं, गाडी धावत असताना तिचा वेग खरंच एवढाच असतो का? लगेच कोणीतरी म्हणतं, 'बाई, ती थांबते ना!' मधली स्टेशनं लिहून काढा. इथे वर्ग जागा होतो. मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा इथवर सगळे एकदम म्हणतात. चिंचपोकळी आधी की करी रोड, यावर दोन बाकांत वाद होतो. परळ, दादर, माटुंगा, सायन, कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड. विद्याविहार आणि नाहूर बहुतेक वह्यांतून गळतात. मोजली तर मधली स्टेशनं १७ भरतात. प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट थांबते असं धरलं तर साडेआठ मिनिटं थांबण्यात गेली, म्हणजे गाडी धावली साडेएकावन्न मिनिटं. ३४ ला ५१.५ ने भागून ६० ने गुणलं की ताशी साडेएकोणचाळीसच्या थोडं वर उत्तर येतं. 'ठाण्याला थांबते तेही धरायचं का?' असं एखादी मुलगी विचारते, आणि तो प्रश्न उत्तरापेक्षा मोलाचा असतो. तो आला की थांबावं आणि उत्तर वर्गालाच द्यायला लावावं. ज्यांचं झालं असेल त्यांच्यासाठी पुढची पायरी: गाडी स्टेशनात शिरताना हळू होते आणि सुटताना हळूहळू वेग घेते, तो वेळ कुठे धरलाय आपण? आठवीचा वर्ग यावर तास संपेपर्यंत बोलतो. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदर ते ठाणे अशी याच मार्गावर धावली, हे शेवटच्या दोन मिनिटांत सांगून टाकलं की इतिहासाचंही एक पान झालं.

बदली वहीत सहसा तारीख, तास, वर्ग आणि सही असे चारच रकाने असतात. पाचवा रकाना 'काय घेतलं' असा आखावा. दुसऱ्या दिवशी गणिताच्या बाईंनी तो वाचला तर त्या तिथूनच पुढे जातात. नाही वाचला तर मुलंच सांगतात, पण निम्मं.

वर्षाच्या मध्यावर येणाऱ्या मुलांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. मुंबईत शाळेचा पट वर्षभर हलत असतो. इमारत पुनर्विकासाला गेली की भाड्याच्या घरासाठी कुटुंब दहिसरहून नालासोपाऱ्याला जातं, संक्रमण शिबिर बदललं की शाळा बदलते, बांधकामाची साइट संपली की नाक्यावरच्या मजुरांची मुलं अचानक दिसेनाशी होतात, आणि दिवाळीनंतर एखादं नवंच मूल दारात उभं असतं. सोबत दाखला नाही, वह्या नाहीत, कधी भाषाही दुसरी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते आठवीच्या टप्प्यात त्याला वयानुसार वर्गात घ्यावंच लागतं. जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश थांबवता येत नाही. कायदा बरोबर आहे. पण प्रवेश अर्ज भरला गेल्यावरचा पहिला दिवस शिक्षकालाच निभवायचा असतो.

त्या दिवशी त्याची परीक्षा घेऊ नये. दहा मिनिटं बाजूला घेऊन इतकंच पाहावं: साधा परिच्छेद वाचतं का, नाही तर वाक्य, नाही तर शब्द, नाही तर अक्षरं. गणितात हातच्याची वजाबाकी येते का, एकाच उदाहरणात कळतं. ५२ मधून २७. मुलाने उत्तर ३५ काढलं, तर दोन्ही ठिकाणी ते मोठ्यातून लहान वजा करतंय आणि स्थानिक किंमत डोक्यात बसलेली नाही. ३५ हे उत्तर चुकीचं असलं तरी कुठून सुरुवात करायची ते नेमकं सांगून जातं. मग बाक. नव्या मुलाला वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाशेजारी बसवायची पद्धत आहे. ती टाळावी, असं स्पष्ट मत आहे. हुशार मूल त्याच्या वतीने उत्तर देऊन मोकळं होतं. बडबड्या, मनमोकळ्या, मधल्या फळीतल्या मुलाशेजारी बसवलं तर नवं मूल आठवड्याभरात बोलू लागतं, आणि बोलू लागलं की बाकीचं शिकवता येतं.

याहून अवघड प्रसंग म्हणजे तोडक कारवाई. वस्ती तुटते त्या आठवड्यात वर्गातली पाच-सहा मुलं दप्तराशिवाय येतात किंवा येतच नाहीत. 'गणवेश का नाही, वह्या कुठे आहेत' हे प्रश्न त्या आठवड्यात वर्गात विचारायचे नाहीत, हे सगळ्या विषयशिक्षकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर तिसऱ्या तासाला कोणीतरी नकळत विचारतंच. मागच्या वर्षीच्या मुलांकडून जमा केलेली पाठ्यपुस्तकं याच वेळी कामाला येतात. एप्रिलमध्ये निकालाच्या दिवशी प्रत्येक इयत्तेचे किमान दहा संच गोळा करून कपाटात ठेवलेली शाळा आणि न ठेवलेली शाळा, यांतला फरक अशा आठवड्यात दिसतो.

दुखणीखुपणी रोजचीच, म्हणून थोडक्यात. नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकू द्यायची नाही, रक्त घशात जातं आणि उलटी होते. किंचित पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं न सोडता चिमटीत धरायचा. फिट आली तर आसपासची बाकं सरकवायची, मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, कांदा आणि चप्पल हुंगवायला धावणाऱ्यांना लांब ठेवायचं आणि घड्याळ बघायचं; पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ वर रुग्णवाहिकेला फोन. ही मिनिटं मोजायचं काम वर्गातल्याच एखाद्या मुलाला द्यावं, घाबरलेला वर्ग त्याने सावरतो. मुलींच्या वर्गाच्या बाईंकडे सॅनिटरी पॅड आणि एक जादा सलवार असावीच. वरिष्ठ कुलूप लावून ठेवतात त्या कपाटात नको, बाईंच्या स्वतःच्या खणात.

खिचडीची गाडी हा दिवसाचा दुसरा काटा. पोषण आहाराच्या निकषात पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीला १५० आणि ३० ग्रॅम. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चव घेऊन वहीत नोंद करायची. ही नोंद यांत्रिकपणे करणं धोक्याचं आहे. झाकण उघडल्यावर आंबूस वास आला, डाळ तळाशी राहून वर पाणी सुटलं असलं, तर चमचाभर चाखून थांबावं, डबा बाजूला ठेवावा आणि मुख्याध्यापकांना बोलावावं. मुलं भुकेली असतात म्हणून 'चालेल' म्हणण्याचा मोह होतो. तिथे ठाम राहणारा शिक्षक हवा. गाडी उशिरा आली की सुट्टी लांबते आणि सुट्टीनंतरचा तास जातो. तो बहुतेक वेळा त्याच विषयाचा जातो, कारण वेळापत्रकात त्या जागी तोच विषय आहे. म्हणून दर दोन महिन्यांनी सुट्टीनंतरच्या तासांची अदलाबदल करावी. नाहीतर एखाद्या वर्गाचा भूगोल वर्षभर खिचडीच्या नावाने कमी होत राहतो.

आणि पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये कुठल्याही दिवशी सकाळचं अधिवेशन भरल्यानंतर सुट्टी जाहीर होऊ शकते. हवामान खात्याचा लाल इशारा म्हणजे २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून जास्त पावसाची शक्यता. पण शाळेला त्याहून उपयोगी कागद म्हणजे भरतीचं वेळापत्रक. साडेचार मीटरच्या वरची भरती असते तेव्हा पर्जन्यवाहिन्यांचं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही, आणि त्याच वेळी जोराचा पाऊस झाला की हिंदमाता, सायन, मिलन सबवे, कुर्ला भागात पाणी तुंबतं. भरती दुपारी एकला असेल तर मुलांना बाराला सोडणं म्हणजे नेमक्या पाण्यात पाठवणं. अशा वेळी दोन तास लवकर सोडावं, नाहीतर ओहोटी लागेपर्यंत थांबवावं. हा निर्णय मुख्याध्यापकांचा, पण तो घ्यायला लागणारी माहिती पावसाळ्याच्या सुरुवातीलाच टीचर्स रूममध्ये लावलेली हवी. चार महिन्यांत अशा भरतीच्या तारखा मोजक्याच असतात.

मुलं सोडताना घाईत जे बिघडतं ते जवळजवळ नेहमी सारखंच असतं. एक आई येते, स्वतःच्या मुलीबरोबर शेजारच्या दोन मुलांनाही घेऊन जाते. अर्ध्या तासाने त्या मुलांचे वडील गुडघाभर पाण्यातून येतात आणि मुलं वर्गात नसतात. त्यानंतरची वीस मिनिटं कोणावरही येऊ नयेत. यावर उपाय एक साधी वही: मुलाचं नाव, नेणाऱ्याचं नाव, नातं, मोबाईल, वेळ, सही. दारात एकच शिक्षक बसवावा आणि दार एकच उघडं ठेवावं. वर्गशिक्षकाने मुलांचे तीन गट जूनमध्येच पाडलेले असावेत: चालत जाणारी, व्हॅन-बसने जाणारी, आणि मोठ्या भावंडाबरोबर जाणारी. तिसऱ्या गटात गोंधळ होतो, कारण मोठं भावंड दुपारच्या अधिवेशनात असतं आणि दुपारला सुट्टी असल्याने ते शाळेत येतच नाही.

दुसरी अडचण फोनची. प्रवेशाच्या वेळी दिलेला नंबर ऑगस्टपर्यंत बंद झालेला असतो. रिचार्ज संपलेला, सिम बदललेलं, फोन कामावर वडिलांकडे. म्हणून दोन नंबर घ्यावेत आणि दुसरा शेजाऱ्यांचा असावा, नातेवाइकांचा नको. काकांचा नंबर साताऱ्याचा असून काही उपयोग नाही. पालकसभेत हे नंबर लावून बघावेत, तिथल्या तिथे.

तळमजल्याचे वर्ग वर न्यायचे, विजेच्या मीटरच्या खोलीकडे कोणालाही जाऊ द्यायचं नाही, पिण्याचं पाणी आधी भरून ठेवायचं, मावशींना स्वच्छतागृहाजवळ थांबवायचं. घरी जाणाऱ्या मुलांना रस्त्याच्या मधोमध साचलेल्या पाण्यातून चालू नका हे सांगायचं, कारण झाकण निघालेलं मॅनहोल वरून दिसत नाही. पायाला जखम असून जे पाण्यातून आले त्यांच्या पालकांना लेप्टोसाठी (दूषित पाण्यातून होणारा ताप) ७२ तासांच्या आत दवाखान्यात दाखवायला सांगायचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहरभर कितीतरी मुलं, शिक्षक, शिपाई यांनी रात्र शाळेत काढली. तो दिवस पाहिलेले शिक्षक आता निवृत्त होताहेत. त्यांना जे अनुभवाने माहीत होतं ते नव्यांना कागदावर लिहून मिळायला हवं, आणि ते लिहून घ्यायला आत्ताच वेळ आहे.

इथवर जे सांगितलं ते सगळं कष्टाचं असलं तरी मुलांचं आहे. आता त्या दुसऱ्या अनपेक्षिताबद्दल. साडेदहाला व्हॉट्सअॅपच्या गटावर निरोप येतो: सोबतची लिंक आज दुपारी चारपर्यंत भरावी, अत्यंत तातडीचे. माहिती बहुधा तीच असते जी राज्याच्या 'सरल' या ऑनलाइन नोंदीत आहे, केंद्राच्या 'यूडायस प्लस'मध्ये आहे, आणि गेल्या महिन्याच्या लिंकमध्येही होती. वर्गवार, लिंगवार, प्रवर्गवार आकडे. हे आकडे काढायला कॅटलॉग लागतो, कॅटलॉग वर्गात असतो, म्हणून मामा वर्गात येतात, आणि तास थांबतो.

आधारच्या कामाचं गणित तर आणखी किचकट. मुलाचं नाव जनरल रजिस्टरमध्ये आडनाव आधी असं असतं, आधारवर आडनाव शेवटी. एकाच आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हांनी. जन्मतारखेत फक्त वर्ष असतं. नाव, लिंग, जन्मतारीख यांपैकी काहीही जुळलं नाही तर नोंद अवैध, आणि संचमान्यतेत वैध आधारच्या मुलांवर शिक्षकांची पदं ठरत असल्याने ही जुळवाजुळव शिक्षकाच्या स्वतःच्या पदाशी बांधली जाते. आधार केंद्रात पालकांना पाठवलं तर त्यांचा एक रोज बुडतो, म्हणून पालक टाळतात. शिक्षक पुन्हा फोन करतात. मूल समोर बाकावर बसलेलं असतं, रोज येतं, वाचतं, आणि पटावर मात्र मोजलं जात नाही. हे दुःखदायक आहे आणि दुरुस्त करण्यासारखं आहे: शाळेतच शिबिर लावून यंत्रासह माणूस पाठवला तर एका दिवसात पन्नास-साठ मुलांचं काम होतं.

शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामं देऊ नयेत असं म्हटलंय. निवडणुकीच्या दाराने मतदार यादीचं घरोघरचं काम आत येतं, आणि ते मतदानाच्या दिवसापुरतं राहत नाही. लोकशाहीचं काम मोठंच आहे, ते करायला शिक्षकांची ना नसते. पण एका वर्गाचे विज्ञानाचे दोन आठवडे गेले, तर ते कोणी कसे भरून द्यायचे याचं उत्तर त्या आदेशात कुठेच नसतं. ते असायला हवं: बदली शिक्षक, किंवा कमी केलेला अभ्यासक्रम, किंवा निदान परीक्षेची पुढे गेलेली तारीख.

अशा दिवसांत शिकवणं टिकवायचं असेल तर टाचण वेगळ्या रीतीने काढावं लागतं. धड्याचा एकच सलग ३५ मिनिटांचा आराखडा न करता त्याचे सात-आठ मिनिटांचे तुकडे करावेत, आणि प्रत्येक तुकडा स्वतःपुरता पूर्ण असावा. सातवीला उष्णतेचं संक्रमण घ्यायचं असेल तर पहिला तुकडा फक्त एवढाच: स्टीलचा आणि लाकडी चमचा गरम पाण्याच्या पेल्यात, दोघांची टोकं हाताने बघणं, वहीत एक वाक्य. इथे मामा आले, घंटा झाली, सुट्टी जाहीर झाली तरी मुलांच्या हाती एक वाक्य आहे. दुसरा तुकडा अभिसरण, तिसरा प्रारण. मधला तुकडा गळला तर चालेल का हे आधीच ठरवून शेजारी खूण करावी. ज्याच्यावाचून पुढचा धडा अडतो त्याला फुली, तो कुठल्याही परिस्थितीत त्याच आठवड्यात व्हायलाच हवा.

आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे सत्रभर शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनाच्या, नोंदींचंही असंच. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय या तंत्रांच्या नोंदी सत्राच्या शेवटी एकदम लिहिल्या की सगळ्या मुलांबद्दल 'उपक्रमात आवडीने सहभाग घेतो' हेच वाक्य पडतं. खिशात हजेरी क्रमांकांची घडी केलेली पट्टी ठेवावी आणि रोज पाचच मुलांसमोर दोन-तीन शब्द खरडावेत. ४५ च्या वर्गात नऊ दिवसांत फेरी पूर्ण होते. ठाण्याला थांबण्याचा वेळ धरायचा का, असं विचारणारी मुलगी त्या पट्टीवर त्याच दिवशी आली पाहिजे. संध्याकाळपर्यंत ती आठवणीतून जाते.

राहता राहिली तपासणी. विभागाचे साहेब वर्गभेटीला येतात तेव्हा टाचणाची तारीख आणि फळ्यावरचा घटक जुळतो का हे आधी बघतात. जुळला नाही तर शेरा. या शेऱ्याच्या धास्तीने कितीतरी शिक्षक आठवड्याचं टाचण शनिवारी बसून, घडलेल्या दिवसांप्रमाणे सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून काढतात. त्या लेखनात दोन-तीन तास जातात आणि त्यातून मुलांना काहीही मिळत नाही. साहेबांना हात जोडून विनंती आहे की खाडाखोड असलेलं टाचण तसंच बघायला मागा. मंगळवारचा दुसरा तुकडा खोडून पुढे 'पाऊस, १०.४० ला सोडलं, गुरुवारी घेतला' असं लिहिलेलं असेल, तर तिथेच सही करा.